न्हावा शेवा : दोन गावं, एक नाव

महाराष्ट्राचा नकाशा काढा पाहू. मुंबईवर बोट ठेवा आणि पूर्वेला सरका. मध्ये घारापुरीचं बेट लागेल. त्याच्या पलीकडचा किनारा म्हणजे न्हावा शेवा. आपण एका दमात म्हणतो, पण ही गावं दोन. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. जिल्हा रायगड, १९८१ पूर्वी त्याचं नाव कुलाबा होतं.

आज इथं देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. पण बंदर यायच्या आधी इथले लोक काय करत होते, ते कुणी फारसं सांगत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

हा किनारा वाळूचा नाही, चिखलाचा. कडेला तिवरांची दाट झाडी. उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरहून जास्त चढतं आणि सहा तासांत परत ओसरतं. अशा ठिकाणी भातशेती करायची कशी? तर किनाऱ्याला माती-दगडाचा बांध घालायचा आणि त्यात एक दार बसवायचं. त्याला म्हणतात उघाडी. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की समुद्राचं पाणीच ते दार दाबून बंद करतं. वीज नाही, यंत्र नाही! बांध फुटला की मात्र खारं पाणी शिवारात शिरणार आणि शेतं नासणार. म्हणून बांधाची राखण साऱ्या गावानं मिळून करायची.

जिथं भात नाही तिथं मिठागरं. वाफ्यात भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हानं आटवायचं, मीठ ओढायचं. मिठाच्या आगरावरूनच आगरी हे नाव आलं असं सांगतात. आणि खाडीत कोळी. त्यांची डोल जाळी, पाग, कोळंबी, चिंबोऱ्या, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. (निवटी हा मासा आहे आणि तो चिखलावर चालतो, हे आमच्या वर्गात कुणी पटवून घेत नव्हतं!)

मग १९७० साली नवी मुंबई वसवायचं ठरलं. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी घ्यायची होती. मुंबई बंदरातही जागा पुरेना, म्हणून नव्या बंदरासाठी न्हावा शेव्याची निवड झाली. का, ते नकाशावर दिसेल : पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि त्या बाजूला मुंबई उभी आहे. पाणी शांत. मात्र खाड्या गाळ आणतात, म्हणून जहाजांची वाट सतत उपसत राहावी लागते.

जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकरी उठले. त्यांचे नेते दि. बा. पाटील, इथल्याच जासई गावचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईजवळ आणि पागोट्याजवळ पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे शंभर गुंठे जमीन गेली असेल, तर साडेबारा गुंठ्यांचा विकसित भूखंड परत. बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या हाती त्याची नुसती इरादापत्रं पडली ती १६ ऑगस्ट २०१४ ला. १९८४ मध्ये जो पाचवीत होता, तो तोवर चाळिशीत आलेला. मला विचाराल तर हा उशीर फार झाला.

शेव्याच्या कोळ्यांचं तर गावच उठलं. त्यांना उरणजवळ वसवलं. तो हनुमान कोळीवाडा. तिथल्या घरांना वाळवी लागली आणि घरं पोखरली. 'आमचं पुन्हा नीट पुनर्वसन करा' ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आले.

बंदर सुरू झालं २६ मे १९८९ ला. ते नेहरूंचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून नाव जवाहरलाल नेहरू बंदर. पण गंमत पाहा : जगभरच्या जहाजांच्या कागदांवर आजही 'न्हावा शेवा' असंच लिहितात.

आता थोडं गणित. १९५६ साली अमेरिकेतून एक जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन निघालं, तिथून कंटेनरचं युग सुरू झालं. न्हावा शेव्यात २०२४-२५ या एका वर्षात, वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानं, सुमारे ७३ लाख पेट्यांची ने-आण झाली. ३६५ नं भागा. रोजच्या वीस हजार! एका दिवसाच्या पेट्या एकापुढे एक लावल्या तर रांग पनवेलहून पुणं गाठेल. द्राक्षं, तांदूळ, कापड, यंत्रं, सगळं त्यातच.

१२ जानेवारी २०२४ ला शिवडीपासून चिर्ल्यापर्यंतचा अटल सेतू खुला झाला. लांबी सुमारे बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा पाण्यावर. पण पुलावर गाडी थांबवता येत नाही आणि बंदरात परवानगीशिवाय सोडत नाहीत. मग पाहायचं कुठून? गेटवेहून लाँचनं घारापुरीला जा. लेणी बघून झाली की आई-बाबांना घेऊन तोफांच्या टेकडीवर चढा आणि पूर्वेकडं तोंड करा. समोर क्रेनची रांग दिसेल. तिथंच शेव्याचे कोळी होड्या लावायचे. सोमवारी मात्र लेणी बंद असतात, आणि परतीची शेवटची लाँच कुणासाठी थांबत नाही!