खोडदच्या तबकड्या

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघावे, राजगुरुनगर, मंचर मागे टाकावे, की नारायणगाव येते. माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला हे गाव ठाऊक ते विठाबाईंच्या तमाशामुळे. पण यंदा २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, लेकीने मला तिथून पुढे खोडदला ओढून नेले. बी.एस्सी.नंतर तिला ताऱ्यांचाच अभ्यास करायचा आहे. त्याने पोट कसे भरते, एवढाच माझा प्रश्न होता.

शेतांच्या मधोमध प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या! एकेकीचा व्यास ४५ मीटर. पत्रा नाही, नुसती तारांची जाळी. वारा आरपार जातो. अशा एकूण ३०. त्यांतल्या १४ इथे जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. मोबाइल बंद ठेवायचा. आपल्या गलबल्यात ताऱ्यांची कुजबुज बुडून जाते.

"पण बघायचे काय?" मी विचारले.

"बाबा, श्रवण नक्षत्र माहीत आहे ना तुम्हांला? तिकडेच, गरुडात, एक जोडतारा आहे. एसएस ४३३."

हा साध्या डोळ्यांना दिसत नाही. (श्रवणाचा तारा मात्र दिवाळीतल्या संध्याकाळी पश्चिमेकडे जरूर पाहा.) अंतर सुमारे १८,००० प्रकाशवर्षे. एक मोठा तारा आणि दुसरे बहुधा कृष्णविवर, १३ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घेतात. कृष्णविवर ताऱ्याचा वायू ओढते, पण सगळा काही त्याला पचत नाही. दोन बाजूंनी झोत उसळतात, प्रकाशाच्या पाव वेगाने! भुईनळा दोन्ही तोंडांनी पेटवावा आणि तो भोवऱ्यासारखा डुलत राहावा, तसे. एक हेलकावा पुरा व्हायला १६२ दिवस.

हे कळले कसे? १९७८-७९ साली त्याच्या वर्णपटातल्या काही रेषा तांबड्याकडे सरकलेल्या दिसल्या, काही निळ्याकडे. म्हणजे स्वारी एकाच वेळी येतेही आहे आणि जातेही आहे! पंडित चक्रावले. रेडिओ लहरींत पाहिले, तर झोतांना स्क्रूसारखे आटे. क्ष-किरणांत झोतांतला तापलेला वायू दिसला. आणि २०१८ साली मध्यापासून कितीतरी प्रकाशवर्षे दूर, झोत जिथे पोचतात तिथून येणारे गॅमा किरण सापडले.

आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे सांगतो आहे. इथले आंधळे एकमेकांना विचारतात, हा फरक.

लेक बोलत होती. इतके सलग ती घरी कधी बोलल्याचे मला आठवेना.

परतताना नारायणगावात चहाला थांबलो, मोबाइल चालू केला. घरून सात वेळा फोन येऊन गेले होते. मी लावला.

"समजावलंत का तिला?" पलीकडून सौ.

"तिनेच मला समजावलं," मी म्हणालो. "फॉर्म ती भरते आहे. फी आपण भरायची."