जामीनदार

"जामीनदार कोण?" हा प्रश्न मी बँकेच्या कर्जविभागात गेली वीस वर्षे लोकांना विचारत आलो आहे. तो एक दिवस मलाच, आणि तोही एका कुत्र्यापायी विचारला जाईल, असे बी.कॉम.च्या कुठल्याच पुस्तकात नव्हते.

त्याचे असे झाले. अलिबागजवळच्या आमच्या नागावात शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात आणि जाताना काहीबाही विसरून जातात. चपला, छत्र्या वगैरे. गेल्या पावसाळ्याआधी कुणीतरी चक्क एक पिटबुल 'विसरले'. सुरूच्या बनात तो तीन दिवस रस्त्याकडे डोळे लावून बसला होता. चौथ्या दिवशी आमच्या सौ.ने त्याला भाकरी घातली आणि 'शांताराम' असे नाव ठेवले. बाकीच्या आळीने नुसतीच नावे ठेवली.

शेजारचे नाना कात्रण घेऊनच आले. "अहो, या जातीवर सरकारनं बंदी घातलीय!"

"घातली होती, नाना. 12 मार्च 2024 चं पत्रक, 23 जातींचं. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिलातच ते रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं म्हणून."

"कुत्र्यांचं?"

"मालकांचं!"

मग मी त्यांना शांतारामची वंशावळ सांगितली. इंग्लंडात बैलांवर कुत्रे सोडायचा खेळ चाले. 1835 साली तो कायद्याने बंद झाला, तेव्हा लोक कुत्र्यांचीच झुंज लावू लागले. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून हे वाण निघाले. जबडा कुत्र्याचा, पैज माणसाची!

"ते खरं हो, पण माझी नात चार वर्षांची आहे," नाना म्हणाले. यावर विनोद सुचेना. तो जबडा काही खोटा नव्हता. शेवटी कागद झाला: रेबीजची लस, नसबंदी, बाहेर पडताना तोंडाला जाळी, दोर मोठ्या माणसाच्याच हातात आणि मुलांजवळ एकटा कधीही सोडायचा नाही. खाली जामीनदार म्हणून माझी सही.

"आणि ज्यानं सोडला त्याचं काय?" नानांनी विचारले.

प्राण्याला विनाकारण वाऱ्यावर सोडणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चेक परत आला तर तुमची बँक याच्यापेक्षा जास्त कापते की हो!"