काळ्याची बाजू

बुद्धिबळात पहिली खेळी पांढऱ्याची. काळी मोहरी ज्याच्या वाट्याला येतील, त्याने आधी समोरच्याचे पाहायचे आणि मग हात उचलायचा. सैन्य दोघांचे सारखेच, सोळा इकडे, सोळा तिकडे. तरी एका खेळीचे मागेपण काळ्याच्या पदरी जन्मतःच पडते. हे मागेपण कसे वागवावे, एवढाच आजच्या चिंतनाचा विषय.

कोणी म्हणेल, बुवा, वारकऱ्यांच्या अंकात बुद्धिबळ कशाला? नाथमहाराजांनी आणि तुकोबारायांनी फुगडी, हमामा, हुतूतू अशा खेळांवर रचना केल्या. खेळातून परमार्थ सांगणे ही आपली जुनी रीत. तुकोबारायांना विटीदांडू चालला, तर आपल्याला चौसष्ट घरांचा पट चालायला हरकत नसावी.

या खेळातल्या जाणत्यांची शिकवण अशी, की आरंभीच पटाची मधली चार घरे धरावीत. घोड्याचेच पाहा. मध्यावर असला तर आठ घरांवर त्याचा धाक, कोपऱ्यात गेला की दोनच घरांवर. म्हणून पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो, आणि काळाही पुष्कळदा तसेच प्यादे टाकून त्याला समोरासमोर अडवतो. ही झाली शास्त्राची मळलेली वाट.

१९८० साली स्वीडनमधील स्कारा या गावी युरोपातील देशांच्या संघांची स्पर्धा भरली होती. सोव्हिएत संघाचा अनातोली कार्पोव तेव्हा जगज्जेता. त्याच्यासमोर काळी मोहरी घेऊन इंग्लंडचा टोनी माइल्स बसला. कार्पोवने राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले. माइल्सने काय करावे? वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे, अगदी कडेचे प्यादे उचलले आणि एकच घर सरकवले. कार्पोवने वजिरापुढचेही प्यादे दोन घरे टाकून मध्य व्यापला. माइल्सने पुन्हा कडेजवळचे, घोड्यापुढचे प्यादे दोन घरे काढले. पाहणारे हसू लागले, असे माइल्सनेच पुढे सांगितले आहे. दोन खेळ्या झाल्या, मध्य सगळा प्रतिपक्षाचा, आणि हा आपला कुंपणाच्या कडेने चाललेला.

त्याच डावात ४६ खेळ्यांनंतर जगज्जेता हरला.

माझ्या नातवाने हा डाव मला एकेक खेळी मांडून दाखवला. मी त्याला म्हटले, थांब, मला हे उंटाचे नीट पाहू दे. तिसऱ्या खेळीला माइल्सने घोड्यापुढच्या त्या रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवला. उंट तिरका चालतो. त्या घरातून निघालेली तिरकी रेघ पटाच्या मध्यावरून जाते आणि थेट कार्पोवच्या पहिल्या प्याद्यावर पोचते. मग दुसऱ्या बाजूचा घोडा निघाला, त्याचाही रोख त्याच प्याद्यावर. सहाव्या खेळीला उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे आले आणि मध्यावर घाव बसला. माइल्सने मध्यावर बसण्याची घाई सोडली होती, मध्यावरची नजर क्षणभरही काढली नव्हती. हसणाऱ्यांना त्याचे बसणे दिसले, पाहणे दिसले नाही.

हे फक्त गोऱ्यांचेच कौतुक आहे असे मात्र नाही. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. १९व्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी पुष्कळ डाव खेळले. महेशचंद्र काळ्या मोहऱ्यांनी प्यादी एकेक घर सरकवीत, उंट बाजूला बसवीत आणि मध्य दुरून राखीत. युरोपच्या रिवाजाला ते अनोळखी होते. पण १९२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डने जो बचाव गाजवला, तो महेशचंद्र १८५५ सालीच खेळले होते. आज अशा बचावांच्या एका कुळालाच जगभर ‘इंडियन’ म्हणतात आणि मोठमोठे खेळाडू ते मानाने खेळतात. महेशचंद्रांना विक्षिप्त दिसण्याची हौस नव्हती. ती त्यांच्या घरची चाल होती, आणि ती त्यांनी लाज न बाळगता परक्या पटावर आणली.

ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा शास्त्राची भाषा संस्कृत होती. पटाचा मध्य तिच्याकडे होता. माउलींनी आपल्या घरची चाल धरली. पण त्यांची दृष्टी मात्र गीतेच्या गाभ्यावरून ढळली नाही.

यावरून कोणी असे समजू नये, की आडवाटेने गेले की झाले. कडेची ती पहिली खेळी मोठे खेळाडू सहसा करीत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. तिने समोरच्याला ऐसपैस जागा मिळते. माइल्स १९७६ सालीच ग्रँडमास्टर झालेला, शास्त्र कोळून प्यालेला. कार्पोवला पाठ असलेल्या वाटेवर त्याच्याशी शर्यत लावण्यापेक्षा दोघांनाही नव्याने विचार करावा लागेल अशी जागा त्याने निवडली. आणि तिथे प्रत्येक खेळीला शुद्ध ठेवली. कीर्तनात ज्याला तालाचे अंग आहे त्याने लयीशी खेळावे, कारण त्याला समेवर परतायचे ठाऊक असते. ज्याला सम ठाऊक नाही, त्याचे ते खेळणे नव्हे, भरकटणे. हे मी नातवालाही सांगितले. काळी मोहरी आली की त्याचा चेहरा उतरतो. त्याला म्हटले, विचित्र खेळी शिकायची तर शीक, पण आधी मधली चार घरे कुठे आहेत ते डोळे मिटून सांगता आले पाहिजे.

त्याला सांगता सांगता ते मलाही लागू पडले. चाळीस वर्षांहून अधिक काळ नारदाच्या गादीवर उभा राहिलो. कीर्तनात पहिली खेळी कीर्तनकाराची असते. दोन वर्षांपूर्वी गळा गेला. आता गावच्या सप्ताहात तरुण महाराज कीर्तनाला उभे राहतात आणि मी मागे टाळ घेऊन उभा असतो. लोक हळहळतात. म्हणतात, बुवा, कुठे होता आणि कुठे उभे राहावे लागले! पहिले काही महिने ती हळहळ मलाही गोड लागे, हे खरे. मग ध्यानात आले, की टाळकऱ्याचे कामच मुळी आधी ऐकण्याचे आहे. कीर्तनकार चरण म्हणतो, टाळकरी धृपद धरतो. कीर्तनकार निरूपणात दूर गेला, तरी त्याला परत आणायला मागे धृपद उभे असते. परंपरा सांगते, तुकोबारायांच्या मागे चौदा टाळकरी होते. त्यांतल्या संताजी जगनाडे यांनी अभंग लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. मागे उभे राहणाऱ्यांनी काय राखले, याचा हिशेब आपण क्वचितच करतो.

पालखी सोहळ्यात माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि बाकीच्या रथामागे. पंढरीला दोन्ही पोचतात. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेवरायांची पायरीला. गाभाऱ्यापासून मोजले तर दोघे कडेलाच. पण तिथून निघालेली रेघ कुठे जाते ते पाहावे. त्या उंटासारखी ती सरळ विटेपर्यंत जाते.

आणि विटेवर कोण आहे? तोही काळाच. पुंडलिकाने वीट भिरकावली, थांब म्हणाला, आणि हा कमरेवर हात ठेवून थांबला. पहिली खेळी भक्ताची आणि मागची आपली, हे ज्याने युगानुयुगे आनंदाने पत्करले, त्याच्या दारात मागेपणाचे दुःख कशाला करावे? नातवाला काळी मोहरी आली, की आता मी एवढेच म्हणतो, बाळा, देवाची बाजू आली. सांभाळून खेळ.

रामकृष्ण हरी.