जाहिरात निघाली की नडग्या ठणकतात

पोलीस भरतीची जाहिरात आली की आमच्या मैदानावर गर्दी वाढते आणि पंधरा-वीस दिवसांत बामचा वास सुटतो. मी माण तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. पहाटे अंधारात येणाऱ्या या मुली काही आमच्या शाळेच्या नसतात. पण मैदान मोकळं असतं आणि शिट्टी माझ्या गळ्यात, म्हणून येऊन विचारतात, "मॅडम, शिन पेन झालंय. काय लावू?"

वरून लावायचं काहीच नसतं, हे ऐकून त्यांचा चेहरा पडतो.

मागच्या भरतीच्या वेळी शेजारच्या वस्तीवरची एक पोरगी लंगडतच आली. "नळी लई ठणकाय लागलीय." तिला पायरीवर बसवलं आणि घोट्यापासून वर, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत नेला. वीतभर पट्ट्यात ती कळवळत होती. मला जरा बरं वाटलं. दुखणं असं पसरलेलं असलं तर सहसा हाडावरचं आवरण आणि हाड ताणाने चिडलेलं असतं. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर एक उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे माझा अंगठा थांबतो आणि डॉक्टर लागतात. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्तही राहू नये. सुरुवातीला ही चीर त्यात बरेचदा दिसतच नाही.

जाहिरातीआधी तिचं धावणं बसस्टॉपपर्यंत. जाहिरातीनंतर सकाळी डांबरी सडक, संध्याकाळी मैदान, सुट्टी नाही. "दम तर वाढलाय की मॅडम, मग पायालाच काय झालं?"

गोम तिथेच आहे. छाती लवकर सरावते, स्नायू त्यामागोमाग, आणि हाड सगळ्यांत शेवटी. धावण्याचा भार पडला की शरीर जुनं हाड आधी खरवडतं आणि मग नवं भरतं. खरवडायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. म्हणजे रस्ता खणून ठेवलाय, डांबर अजून यायचंय, आणि नेमकी तेव्हाच आपण वाहतूक दुप्पट करतो. लोक दोष देतात डांबराला नाहीतर बुटांना. झिजलेले बूट बदलावेत, मुरमाचं मैदान मिळालं तर तिथे पळावं, हे खरंच. पण माझ्या मते खरा दोष घाईचा. आणि मैदानी चाचणी आधी, लेखी नंतर असा क्रम झाल्यापासून ही घाई वाढलीय.

धावणं थांबव म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हिशेब मांडला. मैदानीचे 50 गुण. 800 मीटरला 20, शंभरला 15, गोळ्याला 15. चार किलोचा गोळा नडगीला विचारून फेकावा लागत नाही. दुखणं उतरेपर्यंत गोळा आणि सायकल. चालताना आणि दाबल्यावर दुखायचं थांबलं तेव्हा थोडं चालणं, थोडं पळणं, तेही दिवसाआड.

मधल्या काळात स्टेजच्या पायऱ्यांवर पोटऱ्यांचं काम. चवडे पायरीच्या कडेवर, गुडघे किंचित वाकवलेले, टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. गुडघा ताठ ठेवून सगळ्याच करतात. वाकवला की पोटरीतला आतला चपटा स्नायू कामाला लागतो, आणि पळताना खरा भार तोच पेलतो. हा व्यायाम कंटाळवाणा आहे. मी पाठ फिरवली की निम्म्या जणी गप्पा मारतात.

पळण्याआधी पाय ताणण्यावर मात्र सगळ्यांचा भारी विश्वास. ऑस्ट्रेलियन लष्कराच्या दीड हजारांहून अधिक रंगरुटांवर हे तपासलं होतं. ताणणाऱ्यांच्या आणि न ताणणाऱ्यांच्या दुखापतींत म्हणावा असा फरक निघाला नाही. ताणा, हरकत नाही. पण त्याच्या भरवशावर राउंड वाढवू नका.

तिचं पाऊल फार लांब पडायचं. टाच शरीराच्या पुष्कळ पुढे आपटायची. मी टाळ्यांचा ठेका जरा जलद धरला आणि वेग तोच ठेवून पावलं आखूड करायला लावली. दर पावलाचा दणका कमी होतो. फक्कीच्या गोलावर आम्ही अधूनमधून उलटी दिशाही धरतो, कारण रोज एकाच अंगाला वळून दोन्ही पायांवर सारखा भार येत नाही.

एक प्रश्न मी बाजूला घेऊन विचारते. पाळी नियमित येते का? ती खाली बघत राहिली. वजन उतरावं म्हणून रात्रीची भाकरी सोडली होती, आणि पाळी लांबली होती. पोटाला कमी आणि पायाला जास्त, हे हाडाला झेपत नाही. तिच्या आईला बोलावून सांगितलं, भाकरी चालू करा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी खाऊन राउंड मारणाऱ्यांना मात्र मी सरळ घरी पाठवते. गोळीने कळ दबते, भार तेवढाच राहतो.

आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या. त्यामुळे इथल्या पोरींना "सावकाश घे" म्हणणं अवघड जातं. सगळ्यांना उद्याच पोचायचं असतं.

तिचं 800 मीटर बेताचंच झालं, गोळा चांगला गेला, लेखीत थोडक्यात राहिली. यंदा ती जूनपासूनच येतेय, जाहिरातीचा पत्ता नसताना. दिवसाआडच्या पळण्यावरून माझ्याशी हुज्जत घालते, आणि नव्या पोरींना पायरीवर गुडघे वाकवायला लावते.