शाळेतील उपासना आणि पालकांची संमती

ख्रिस्ती प्राथमिक शाळेतली सामुदायिक उपासना दहा-पंधरा मिनिटांची असते. एक गीत होते, बायबलमधला एखादा दृष्टान्त वाचला जातो, शिक्षक त्यावर थोडे बोलतात आणि प्रार्थनेअखेर सगळी मुले एका सुरात ‘आमेन’ म्हणतात. मराठी मंडळ्यांकडे या प्रसंगासाठी गीतांचा मोठा ठेवा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीच्या वळणाने गायली. त्यामुळे ही उपासना मराठी मुलाच्या कानाला परकी वाटत नाही.

मात्र रांगेत उभे असलेले प्रत्येक मूल ख्रिस्ती नसते, आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. तो पुण्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ऐरणीवर आला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीवर विधवा आणि मुलींसाठी शारदासदन ही शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी ती पुण्याला हलवली. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, पण शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. त्यावरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना वजन होते. स्वतःच्या खोलीत केलेल्या प्रार्थनेसाठी दार लावून घ्यावे, ही अपेक्षा रमाबाईंना मान्य होण्यासारखी नव्हती. दुसरीकडे, जिने घराबाहेर प्रथमच आसरा दिला, तिच्यामागे मुलीचे मन ओढ घेणार, ही पालकांची धास्तीही निराधार नव्हती. तरीही सहवास म्हणजे धर्मांतर नव्हे, याचे उदाहरण त्याच सदनात होते. तिथे शिकलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या. १८९३ मध्येच त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर आला. तेच हिंगणे आज कर्वेनगर आहे. पुण्याच्या स्त्रीशिक्षणाचा एक धागा असा शारदासदनातून निघून कर्वेनगरापर्यंत पोचतो, आणि त्या वादाची आठवण ठेवायलाच हवी.

शारदासदनातल्या तरुण विधवेला उघड्या दारातून आत जायचे की नाही, हे निदान स्वतः ठरवता येत होते. सहा वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. बाई हात जोडतात म्हणून ते हात जोडते. म्हणून राज्यघटनेच्या कलम २८ ने मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या उपासनेला हजर राहण्यासाठी संमती आवश्यक ठरवली आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत ती पालकांकडे सोपवली. कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क देते. त्या हक्कामुळे संमतीची ही अट रद्द होत नाही. इंग्लंडची रीत उलटी आहे. तिथे १९४४ च्या कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत रोजची उपासना सक्तीची केली आणि पालकांना मुलाला तीतून वगळण्याची मुभा दिली. भारतात आधी होकार लागतो, तिथे नकार कळवावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत भारतीय पद्धतच अधिक न्याय्य आहे, कारण भिडस्त पालक नकार कळवायला सहसा धजावत नाहीत.

मुलांच्या श्रद्धेला घटनेने दिलेले संरक्षण ख्रिस्ती मुलांच्याही कामी येते. यहोवाचे साक्षीदार पंथाची केरळमधली तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या शाळेत सरस्वतीवंदना होते, तिथल्या ख्रिस्ती किंवा मुसलमान मुलाला कलम २८ चा आधार आहे.

ख्रिस्ती शाळेने आपली उपासना सोडण्याचे कारण नाही. ती शाळेचा प्राण आहे आणि मनापासून झाली तर मुलांना शांत बसायला, कृतज्ञ व्हायला शिकवते. परंतु तिचे स्वरूप प्रवेशाच्या वेळीच पालकांना मराठीत नीट सांगावे आणि त्यांची संमती लेखी घ्यावी. जे मूल सहभागी होणार नाही, त्याला व्हरांड्यात एकटे उभे न करता शिक्षकाच्या सोबतीने वाचनालयात बसवावे. प्रत्येक मुख्याध्यापकाने एवढी व्यवस्था येत्या जूनपासून करावी.