पोटांतला पीळ

पस्तीस वर्षें मीं मुलांना संस्कृत शिकविलें. शब्दाची व्युत्पत्ति सांगितल्याशिवाय पुढें जावयाचें नाहीं, ही माझी जुनी खोड. 'शूल' म्हणजे टोंकदार शस्त्र. तें अंगांत रुतावें तशी वेदना होते, म्हणून पोटांतील कळेसहि शूल म्हणतात, हें शेंकडों विद्यार्थ्यांकडून मीं घोकून घेतलें असेल. परंतु त्या शब्दाचा खरा अर्थ मला गेल्या श्रावणांत माझ्या चौदा वर्षांच्या नातीनें शिकविला.

त्या दिवशीं शाळेंतून येतांच ती ओटीपोटाची उजवी बाजू दाबून धरून अंथरुणावर पडली. थोड्याच वेळांत दोनदां ओकारी झाली. घरांत तीन पिढ्यांच्या बायका. जी ती आपल्या अनुभवाप्रमाणें बोलूं लागली. "पाळी जवळ आली असेल," असें आमच्या सौ. म्हणाल्या. मींहि वडीलकीच्या अधिकारानें निकाल दिला, "हिंगाचें पाणी द्या, पोट शेका, रात्रीपर्यंत आराम पडेल." सूनबाई मात्र दाराशीं घुटमळली. "मामंजी, पाळीच्या वेळीं तिला असें कधींच होत नाहीं. आणि ही कळ एकाएकीं आली. कोणत्या तासाला तें सुद्धां ती सांगते." मीं ऐकलें आणि वर्तमानपत्र पुन्हां उघडलें. हें लिहितांना आजहि लाज वाटते.

आठ वाजतां मुलगा कचेरींतून आला. त्यानें मुलीचा चेहरा पाहिला आणि कोणास न विचारतां रिक्षा बोलाविली. सूनबाई व मीहि बरोबर गेलों.

इस्पितळांत प्रथम अपेंडिक्सचा संशय आला. उजव्या बाजूच्या कळेंत तो येणें साहजिकच. सोनोग्राफींत मात्र उजवा बीजांडकोश, ज्याला हल्लीं सर्वजण ओव्हरी म्हणतात तो, डाव्यापेक्षां बराच मोठा व सुजलेला दिसला. डॉप्लर तपासणींत त्यांतून रक्त वाहतांनाहि दिसलें. मला वाटलें, रक्त वाहतें आहे, म्हणजे भीति टळली. डॉक्टरीणबाईंनीं मान हलविली. "आजोबा, या अवयवाला रक्त दोन वाटांनीं येतें. पीळ पडला तरी धमनी चालू राहूं शकते. आधीं दबतात त्या रक्त परत नेणाऱ्या शिरा, म्हणून ही सूज. डॉप्लर चांगलें आलें एवढ्यावरून पीळ नाहीं असें म्हणतां येत नाहीं. निश्चय आंत पाहूनच होतो." मग त्यांनीं विचारलें, "असें पूर्वीं कधीं झालें होतें?" सूनबाई म्हणाली, "दोनदां. तासाभरांत आपोआप थांबलें." असा पीळ कधीं कधीं पडतो आणि आपला आपण सुटतोहि, हें मला तेव्हां कळलें. त्या दोन्ही वेळां मी घरांतच होतों.

रात्रीं अकरा वाजतां दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. बीजांडकोशावर मोसंब्याएवढी पाण्याची गांठ होती आणि तिच्यासह त्याला दोन वेढे बसले होते. रंग काळानिळा झाला होता. पूर्वीं असा अवयव मेला समजून काढून टाकीत. आतां पीळ सोडवून तो जागींच ठेवतात, कारण काळा दिसणारा बीजांडकोशहि पुष्कळदां पुन्हां सजीव होतो. मात्र जितके तास उलटतील तितकी ती आशा कमी. माझ्या निकालापायीं त्यांतले चार तास गेले होते! तीन महिन्यांनीं केलेल्या सोनोग्राफींत तो पूर्ववत् दिसला, तेव्हां कोठें माझा जीव भांड्यांत पडला.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांस माझें एवढेंच सांगणें आहे. सुनेच्या वा मुलीच्या ओटीपोटांतील कळेस 'बायकांचें दुखणें' हें एकच नांव देऊन मोकळे होऊं नका. कळ एकाएकीं आली, एकाच बाजूस राहिली आणि तिच्याबरोबर ओकारी झाली, तर काढे करीत बसूं नये. गर्भ नलिकेंत राहिला आहे काय, हेंहि डॉक्टरांना तातडीनें पाहावें लागतें. वयांत येऊनहि पाळी न आलेल्या मुलीला दर महिन्यास कळा येत असतील, तर वाट जन्मतःच बंद असल्यामुळें रक्त आंत सांचत असण्याचा संभव असतो. हीं कारणें विरळा खरीं. पण विरळा गोष्टहि कोणाच्या तरी घरीं घडतेच.

परवां सूनबाई कंबर धरून बसलेली दिसली. मीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें आणि विचारलें, "केव्हांपासून दुखतें आहे?"