मंगळवारची गोळी

माजलगावच्या दातांच्या दवाखान्यात आमची मोठमाय, म्हणजे माझी थोरली चुलती, खुर्चीत बसली होती. दाढ हलत होती, ती काढायची, एवढंच काम. सुई भरायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, हाडांची गोळी चालू आहे का? आठवड्यातून एकदा घ्यायची असते ती?" मोठमाय माझ्याकडे बघायला लागली. मी हो म्हणाले, तशी त्यांनी सुई खाली ठेवली. किती वर्षं घेताय, कुणी लिहून दिली, जुने कागद आणलेत का, असं सगळं विचारून घेतलं. मग समजावलं की ही गोळी हाडात मुरून बसते. दाढ काढल्यावर जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही, उघडं राहतं. घाबरायचं नाही, गोळी मनानं बंद करायची नाही, पण आधी हिरड्या स्वच्छ करू, मिश्री सोडा, मग दाढ काढू.

मोठमायला दाढेचं काही वाटलं नाही. "मिश्री सोडायची?" एवढंच ती रस्ताभर म्हणत राहिली.

या जबड्याची गोष्ट फार जुनी आहे आणि ती काडेपेटीपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कारखान्यांत काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस वापरत. त्याच्या वाफेत दिवसभर राबणाऱ्या बायापोरींचे जबडे सडत. १८४५ मध्ये व्हिएन्नाच्या एका डॉक्टरनं ते लिहून ठेवलं. १९०६ मध्ये बर्नला करार झाला, तेव्हा कुठे तो फॉस्फरस हटू लागला. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतल्या दंतशल्यचिकित्सकांना तसेच जबडे पुन्हा दिसले. आता ते बिस्फॉस्फोनेट, म्हणजे मोठमायच्या गोळीच्या जातीचं औषध, घेणाऱ्या रुग्णांचे होते, बहुतेक कॅन्सरवर मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्यांचे. हाडांच्या ठिसूळपणासाठी जी मात्रा देतात तिच्यात हे फारच विरळा. मला मात्र या इतिहासातलं १८८८ साल सोडवत नाही. त्या वर्षी लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी संप केला आणि त्यांच्या तक्रारींत एक होती दंडाची. तुटपुंज्या मजुरीतून कापल्या जाणाऱ्या दंडाची.

दंड म्हटला की मला खाडा आठवतो. दिवाळी आटोपली की आमच्या दिंद्रुडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस पडून राहिलं की खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. मी लहानपणी एका हंगामाला मोठमायसोबत फडावर गेले होते. त्यातलं एकच चित्र पक्कं राहिलंय. रात्रीची वेळ, ट्रक लागलेला, त्याला तिरपी फळी लावलेली, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन मोठमाय वर चढतेय. मान ताठ, पाठ ताठ. मोळी वर टाकून ती उतरायची आणि पुन्हा चढायची. तिच्याइतकी सरळ बाई मी पाहिली नव्हती.

त्यानंतर काही वर्षांतच तिची गर्भाची पिशवी काढली. तिशी नुकतीच उलटली होती. अंगावरून जायचं, फडावर आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, दवाखान्यात जावं तर खाडा. एका खाजगी डॉक्टरानं सांगितलं, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पैसे मुकादमानं दिले, पुढच्या हंगामावर. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्यावर नाव आहे, रक्कम आहे. अंडाशय ठेवले की काढले, हे कुठेच नाही. बाईचा ऋतू थांबल्यावर तिची हाडं पोकळ होतात, हे बोस्टनच्या फुलर अल्ब्राइटनं १९४१ मध्ये लिहिलं होतं. अंडाशय काढले तर हे तिशीतच सुरू होतं, आणि नुसती पिशवी काढली तरी अंडाशय लवकर थकू शकतात. पिशवी काढायला सांगणाऱ्या डॉक्टरानं तिला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. त्याला मी माफ केलेलं नाही. आणि मोठमाय एकटी नव्हती. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांच्या हाडांची मोजदाद कुणी करील का?

मोठमायचं हाड बोललं ते हंडा उचलताना. पाठीत कट्‌कन झालं आणि ती खाली बसली. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजात फोटो काढला, तर मणका दबलेला. तिथं गोळी सुरू झाली. सत्तर मिलिग्रॅमची अॅलेन्ड्रोनेट, आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास चहा नाही, कॅल्शियमची गोळी नाही आणि आडवं व्हायचं नाही. तिनं मंगळवार धरला. योगेश्वरी देवीचा वार, देवपूजेआधी तसंही काही घ्यायचं नसतं.

सुरुवातीला घोटभर पाण्यानंच गिळून ती पडून राहायची. छाती जळायची. "आतून जाळायलीय ही गोळी," म्हणायची. पेलाभर पाणी प्यायला लागली, ओसरीवर भिंतीला टेकून सरळ बसायला लागली, तसं ते पुष्कळ कमी झालं. शेजारच्या काकूंना वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन दिलं, तर त्यांना ताप आणि अंगदुखी, दोन दिवस उठवेना. पुन्हा नको म्हणत होत्या. दुसऱ्या वर्षी तो त्रास नावालाच झाला. वेशीजवळच्या एकीनं मात्र गोळी सोडलीच. "काय फरक पडत नाही," म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? गुण कळायला काही घडायला तर हवं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या, मणका आधीच मोडलेल्या २,०२७ बायकांचा अभ्यास छापून आला. तीन वर्षांत नुसती फसवी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या पंधराजणींचा मणका नव्यानं दबला, खरी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या आठजणींचा. वाचलेल्या सातजणी कोण, हे त्यांनाही कळत नाही. जळजळ मात्र जिची तिला कळते. म्हणून या गोळीसोबत बोलणारं माणूस लागतं. पोट, छाती, दात, आणि बरीच वर्षं घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत दुखणं, हे सगळं विचारणारं. किती वर्षं घ्यायची, कधी थांबवून पाहायची, हे सांगणारं.

आमच्या गल्लीत आता ते काम मोठमाय करते. हाडांची गोळी लागलेली बाई दिसली की तिला ओसरीवर बसवून पाणी किती, बसायचं कसं, सगळं सांगते. पाठ वाकली आहे, आवाज नाही.

यंदा तिच्या सुनेलाही कुणीतरी पिशवी काढायला सांगितलंय. हंगाम तोंडावर, उचल घेतलेली, खाडा परवडत नाही, तीच सगळी कारणं. मोठमायनं तिला माझ्यादेखतच सांगितलं, "आधी अंबाजोगाईला दाखवायचं. औषधानं बरं होतंय का ते बघायचं. अन् काढायचीच म्हणले तर इचार, अंडाशय ठेवणार का न्हाई. इचारून कागदावर लिहून घे. खाडा पडला तर पडू दे, मी भरते."